दिसू नये म्हणून

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार.
कोठाराच्या मागच्या उतारावर कापडी लपण उभं केलं,
चारी दोऱ्यांना विटा बांधून,
कारण विस्कॉन्सिनच्या या खोऱ्यात वारा खालून वर येतो
आणि दिसेल ते उचलून शेजाऱ्याच्या मक्यात टाकतो.

पाच उन्हाळ्यांनी रंग खाल्लेला.
दुकानातून आणलं तेव्हा त्यावर छापील पानं होती,
कुठल्यातरी दुसऱ्याच जंगलाची.
आता ती जांभळट पडलेली.
शिळ्या कलेजीसारखी, बाबा म्हणाले.

बाबा, म्हणजे एविंड टोलेफ्स्रूड, वय एक्याऐंशी.
बेचाळीस वर्षं पाट्या रंगवल्या त्यांनी:
चीजचा कारखाना, पेंडीची गिरणी,
चर्चच्या मासळी-जेवणाचा फलक,
दोन बँका. एक बुडाली, पाटी अजून आहे.
पंचावन्नच्या वेगानं जाणाऱ्याला
मान न वळवता वाचता आलं पाहिजे.
कड म्हणजे कड.

गुडघे आता शिडी मानत नाहीत.
ओकवरचं मचाण गेल्या वर्षी मीच उतरवलं,
त्यांना न विचारता.
त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.
जमिनीवरच्या या लपणाबद्दलही
आज सकाळपर्यंत नाही.

"चकाकी नको, सिग्ने. चकाकी म्हणजे हाक."
आधी मातकट खाकी, मग तपकिरी,
मग करडा, पावसाळलेल्या सालीचा.
मी नेच्याचं पान कापडावर दाबून धरायचं,
त्यांनी वरून फवारा मारायचा.
पान उचललं की मागे पानाची रिकामी जागा.
माझ्या बोटांच्याही चार जागा राहिल्या,
दाराच्या डाव्या अंगाला. असू देत, म्हणाले.

पूर्वेची बाजू मात्र त्यांनी कुंचल्यानं केली, एकट्यानं.
मी पुसायला चिंध्या आणून परतले तोवर
ओकची अठरा पानं,
शिरा-देठांसकट, ओळीत, सारख्या अंतरावर.
तीस पावलं मागे जाऊन आम्ही दोघांनी पाहिलं.
सुरेख होती.
शेत ओलांडूनही वाचता येत होती.

बाबा बराच वेळ उभे राहिले.
मग कुंचला डब्यात ठेवला,
फवाऱ्याचा डबा डाव्या हातात घेतला,
तो हात जो कॉफीचा कप धरू शकत नाही,
आणि त्याला थरथरू दिलं.
पानं एकेक करून झुडपात गेली.

मला आई आठवली.
एकदा तिनं हे कापड धुतलं होतं,
पांढऱ्याला अधिक पांढरं करणाऱ्या साबणात, मायेनं.
हरणांच्या डोळ्यांना ते निळं पेटलेलं दिसतं म्हणे.
त्या मोसमात एक हरिणी फिरकली नाही.
आईला आम्ही सांगितलं नाही कधी,
फक्त रोज संध्याकाळी रिकाम्या हातांनी येऊन
तिचं सूप दोनदा मागून घेतलं.

आता तीन आठवडे हे बाहेरच राहील,
वास जाईपर्यंत.
मग जंगलाच्या कडेला हलवायचं, फांद्या खोचायच्या,
खिडक्यांच्या आत काळं कापड,
आत बसणाऱ्यालाही काळा सदरा.
बंदुकीचा मोसम आला की कायद्याप्रमाणे
वर नारिंगी रंग हवा,
हातभर, चारी बाजूंनी दिसेल असा.
हरणांना तो कळत नाही.
माणसांना कळावा, एवढ्यासाठी.

तो चौकोन त्यांनी अंधार पडता पडता रंगवला,
डाव्या हाताचं मनगट उजव्यानं घट्ट धरून,
चिकटपट्टी न लावता.
मी हेडलाइट लावून ट्रक समोर आणला.
"कड बघ," म्हणाले.
मी खाली उतरून पाहिली.
खालच्या कोपऱ्यात एक ओघळ आला होता, बारीक.
मी काही बोलले नाही.
त्यांनीच वाकून अंगठ्यानं तो पुसला,
आणि अंगठा विजारीला.