एका बीडीएवढी फट

उन्हाळ्याचा कागद आहे माझ्या पिशवीत,
छापील, लॅमिनेट केलेला:
पाणी प्या, डोकं झाका, दुपारी बाहेर पडू नका.
थंडीसाठी कुणी काही छापलेलं नाही.
ती सोलापूरची पाहुणी. गड्ड्याला येते,
पाळणे उतरले की जाईल,
असंच धरून चालतो आपण.

यंदा पारा नऊवर आला.
साखर पेठेच्या मागच्या बोळात
मी सकाळी सातला रजिस्टर घेऊन फिरते.
रकाने आहेत: खोकला किती दिवस, शुगर, बीपी, लस.
थंडी वाजते का, हा रकाना नाही.
म्हणून समासात, पेन्सिलीनं:
कोडम आजोबा, गोळ्या आहेत, मोजे नाहीत.
यमूल यांचं बाळ, टोपी आहे, घालत नाहीत, नवी आहे म्हणून.
अंबादास, रात्रपाळी, दम्याचा पंप संपलाय,
तरी झटकून झटकून ओढतो.

नरसव्वाचं दार वाजवलं. उघडेना.
खालच्या फटीत चादर कोंबलेली,
तिच्या लेकाच्या लूमवरची, सेकंड निघालेली:
मोर विणलाय, डोकं राहून गेलंय.
खांद्यानं ढकललं.

आत ऊब होती.
खरं सांगते, इतकी ऊब
की मलाही वाटलं, टेकावं घटकाभर.
मधोमध शेगडी, कोळसे डाळिंबासारखे,
सुपात तेंदूची पानं, ओल्या फडक्याखाली,
आणि भाग्या, सहा वर्षांची,
हाक मारली तर नुसती हसल्यासारखं करत होती.

मग काय केलं ते नीट आठवत नाही.
शेगडी बाहेर, पोरगी पायरीवर,
खिडकीचा पुठ्ठा फाडला.
बोळातला सगळा गारठा
घरात शिरला, चपला न काढता.
नरसव्वा भिंतीला धरून ओरडली,
"थंडी घालवायला आलीस का आत घ्यायला?"
भाग्याला उलटी झाली. मग ती रडली.
इतकं चांगलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

सिव्हिलमध्ये दोघींना ऑक्सिजन.
संध्याकाळी नरसव्वानं मास्क बाजूला करून विचारलं,
"चलि, आमच्यात थंडीला चलि म्हणतात.
नाव चली, आणि जात तर नाही. मग करायचं काय?"
मी सांगितलं: शेगडी बाहेरच पेटवा, बाहेरच विझवा.
चादर दाराला नको, अंगाला.
आणि खाली थोडी फट ठेवा, कितीही गार लागलं तरी.
"थोडी म्हणजे?"
मी बोटं दाखवली. तिला पटेना.
चाळीस वर्षं तिनं एकच माप हातात धरलंय.

परवा गेले.
बिनडोक्याचा मोर भाग्याच्या अंगावर होता.
दाराखाली, उंबऱ्यावर,
नरसव्वानं एक बीडी उभी धरली, मापायला,
आणि माझ्याकडं पाहिलं.

समासात लिहिलं: फट, एक बीडी.
महिनाअखेरीला मॅडम विचारतील, हे काय.