यजमान

पहाटं साडेतीनला बस गेली.
अठरा पोरी, घाटगे सर, बॉलची पिशवी,
डब्यात चपाती आन् खर्डा.
गोलच्या जाळ्या राहूद्यात म्हणाले,
तिथं नव्या हाईत.

सामना आमचा. घरचा.
कागदावर तसंच छापलंय: यजमान, कोल्हापूर.
मैदान पुण्याचं.
यजमानानंच डबा बांधून
पाव्हण्याच्या दारात जेवाय जायाचं,
असली पंगत मी तरी बघितली नव्हती.

मागल्या म्हयन्यात सायेब आलते.
बुटाला तांबडी माती लागू नये म्हणून कडंकडंनं फिरले.
म्हणाले, नायकवडी मामा, मैदान कललंय तुमचं,
उत्तरंच्या गोलापाशी चेंडू उजवीकडं वळतोय.
टर्फ कसं, सगळ्यास्नी सारखं.

वळतोय की. खोटं कशाला बोलू?
एकोणीस वर्सं फक्की मारतोय हितं.
आमच्या पोरींच्या पायात हाय ते वळण,
पाव्हण्या फसत्यात,
आन् मला हसू येतंय, हे बी कबूल.

पर सायेब,
सारख्या टर्फावर त्यांच्या पोरी रोज सांजच्याला पळत्यात,
आमच्या वर्सातनं एकदा.
मागल्या साली तिथं खेळून
गुडघं सोलून आल्या,
तवा कुणी आलं न्हाई पट्टी घेऊन
सारखेपणा मोजाया.
आता ह्यो बी सामना तिथंच.
त्यांचा उंबरा दोनदा, आमचा एकदा बी न्हाई.

आन् भिंतीवर बसणारी ती साठ-सत्तर माणसं?
शमाचा बाप, बागवान,
पोरीचा सामना असला की हातगाडी फाटकात लावतोय,
पेरू इकत न्हाई, वाटतोय.
त्याला कुठल्या बसमधी जागा व्हती?

त्या सकाळी सवयीनं फक्कीचा डबा घेतला.
अर्धं मैदान आखल्यावर ध्यानात आलं.
मग पुरंच केलं,
अर्धी रेघ बरी दिसत न्हाई.
दुपारी त्यावर दोन कुत्री निजली,
बरोब्बर डी-च्या आत.

सांजला फोन वाजला. दोन-एक. जिंकल्या.
बागवानानं उरल्या-सुरल्या पेरवांना मीठ लावलं,
भिंतीवरच्यांनी शिट्ट्या मारल्या
मोकळ्या मैदानाकडं बघून.

सायेबांचा बी फोन आला म्हणं, प्राचार्यांना:
बघा, काय बिघडलं?

हितंच गोची झाली.
हरलो असतो तर रडी म्हणाले असते.
जिंकलो,
आता तक्रार कुठल्या तोंडानं करायची?
पुढच्या साली बी तिथंच ठरंल,
ह्याच इजयाचा दाखला देऊन.

दुसऱ्या दिवशी उजाडायला शमा आली,
एकलीच, गुडघ्याला पट्टी.
उत्तरंच्या गोलाकडं एक चेंडू हाणला.
वळला. आत गेला.
बघत उभी राहिली.

म्हणाली, मामा,
तिथं चेंडू सरळ जातोय.
लई सरळ.