टपालाची वाट

शिमानेच्या डोंगरातला आमचा वाटाड्या, कुरामोतो,
अडतीस वर्षं पोस्टमन होता.
आता पाहुण्यांना गाव दाखवतो,
म्हणजे त्याच वाटेनं गाडी नेतो
आणि दर दारापाशी सवयीनं वेग कमी करतो.
त्याचं इंग्रजी पाकिटावरच्या पत्त्याएवढं :
नाव, घर, गाव, देश. क्रियापदं हातांनी.

छापील पत्रकात, सकाळी नऊ : देऊळ.
दोन दगडी कोल्हे, एकाचा कान उडालेला,
गळ्यात लाल फडकं, नवंकोरं.
फडकं इसोए बांधते.
तिच्या मुलाची पत्रं ब्राझीलहून यायची,
तिकिटांवरचे पक्षी ती कापून ठेवायची.
मग पक्षी यायचे थांबले.
फडकं दर वर्षी नवं.

वाटेत भाजीची फळी. मुळे, आलं, एक भोपळा,
नाण्यांचा डबा, आणि विकायला कोणी नाही.
शंभर येन टाकून मी उगाच मागे वळून पाहिलं.
कोणी पाहत नसल्याची
इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शाळा नऊ वर्षं बंद आहे.
भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतं.
व्हरांड्यात काकीची फळं सोलून
दोरीला टांगलेली, रांगेनं,
हजेरीला उभी असल्यासारखी.

अकरा ते एक : कागद स्वतः बनवा.
एक्क्याऐंशी वर्षांच्या फुमिनोबाई
कोपरापर्यंत गार पाण्यात.
सालीचा लगदा चौकटीत घ्यायचा, हलवायचा,
मी हलवला. त्या काहीतरी बोलल्या, बरंच लांब.
कुरामोतोनं विचार करून भाषांतर केलं :
"तांदूळ. धुता."
कबूल. हात तेवढंच शिकलेत.
तरी एक पान निघालं, एका कडेला जाड,
मधे माझ्या बोटाएवढं भोक.
फुमिनोबाईंनी ते उजेडाला धरलं
आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं.

दुपारी गरम पाण्याचं कुंड. त्याबद्दल इतकंच,
की तीन म्हाताऱ्या मानेपर्यंत बुडालेल्या होत्या,
आणि मी कुठे पाहावं हे न कळून
डोंगराकडे पाहत राहिले,
तेव्हा एकीनं माझ्या डोक्यावर
घडी घातलेला टॉवेल ठेवला
आणि गप्पा पुढे चालू केल्या.

परतताना गाडी थांबली तिथे पत्रकात काही नव्हतं.
मिटलेल्या फळ्या, दाराशी उंच गवत.
कुरामोतो उतरला, पत्रपेटी उघडली,
आतली वाळकी पानं मुठीनं काढली,
एक कोळी अलगद बाहेर सोडला, झाकण लावलं.
कोण राहतं, मी विचारलं.
"कोणी नाही."
मग गाडीत बसून, पट्टा लावून :
"पत्र आलं, तर जागा."

कागद संध्याकाळपर्यंत वाळला नाही.
पत्ता द्या, पाठवतो, म्हणाले,
मी घाईत देवनागरीत लिहून गेले.
अडतीस वर्षांच्या त्या डोळ्यांनी
चिठ्ठी सरळ धरली, उलटी धरली,
मग वरच्या रेघेवरून बोट फिरवत
खाली लोंबणारी अक्षरं एकेक मोजली
आणि शाळेच्या दिशेनं हात केला :
"काकी?"

हो म्हटलं. काकीच.
मग खाली पुन्हा इंग्रजीत लिहिलं सगळं,
आणि पिनकोड दोनदा गिरवला.