पाण्यातली हवा

माझं काम एवढंच: पाण्यातली हवा काढायची.
रात्रभर पंप घुमतो.
एक बुडबुडा राहिला तरी आवाज तिथेच अडखळतो,
आणि सकाळी एल्डब्योर्ग काचेवर बोट टेकवते:
इथे.

वीस वर्षं मी होड्यांवर होतो, फ्रोयाच्या पलीकडे.
आवाज खाली सोडायचा, कान लावून बसायचं.
परत आला तर हेरिंग, नाही आला तर नुसता समुद्र.
इथे उलटं.
हाडापलीकडे जाऊन त्याने तिथेच विसावायचं.
परत आला तर चुकलं.

कवटी उसनी आणलेली, पावतीवर क्रमांक एकोणचाळीस.
कानशिलाशी पातळ, उजेड दिसेल इतकी,
मागे जाड, आणि एक जुनी खोक, भरून आलेली.
तिलाही दोन दिवस भिजवतो मी. हाडातही हवा असते.
कोणाची, ते विचारायचं नाही असं ठरलेलं.
एकदा चुकून मी ‘ओद्वार’ म्हणालो.
तेव्हापासून तो ओद्वारच.

टोपीत दोनशे छप्पन चकत्या, नखाएवढ्या.
हाडात आवाज पाण्यापेक्षा वेगाने पळतो,
म्हणून जाड हाडाआडच्या चकतीने जरा दम धरायचा,
पातळ हाडाआडचीने आधी निघायचं.
लांबलांबच्या बेटांवरून अंत्यविधीला निघालेल्या होड्या
एकाच घटकेला धक्क्याला लागाव्यात, तसं.
एल्डब्योर्ग वेळा वाटत बसते. कॉफी निवते.
बाहेर ट्रॉन्डहाइमला तीन वाजताच अंधार.

तीन दिवस पडद्यावर नुसतं सांडलेलं दूध.
गुरुवारी सुईएवढा माईक केसभर सरकला
आणि दिसला
तांदळाचा एक दाणा, आडवा, स्थिर.
तापमानाचा काटा ढिम्म.
“जाळायचं नाहीये,” ती म्हणाली, “जरा हलवून बघायचंय.”
काय हलतं मग?
“तेच तर अजून नीट कळत नाही.”
तिने ओद्वारला पुसून डब्यात ठेवलं,
झाकण लावण्याआधी थोडी थांबली.

गुनवोर, माझी बहीण, स्वयंसेवकांच्या यादीत सातवी.
जाळी विणायची ती; आता सुईत दोरा जात नाही.
दुखेल का, फोनवर विचारते.
मी सांगतो, केस काढावे लागतील.
बराच वेळ काही नाही. मागे बशीवर कप खुळखुळतो.
मग म्हणते, तुझ्या त्या ओद्वारला विचार ना,
थंडी वाजते का.

आज पाणी नवं भरलंय.
पंप लावतो, दिवे घालवतो,
आणि सवयीने
जरा वेळ कान लावून बसतो.