हवा धरेल शे

मशीन कण्हतं, पाणी देत नाही.
बटण दाबलं की तीच ती गुरगुर,
जाळीवर चार थेंब, तेही कोमट.

पुण्यातला दवाखाना गुंडाळताना
हे एवढंच सामान मी मांडीवर घेऊन आले.
एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, शिलाई मशीन का?
मी हो म्हणाले.

अमळनेरला आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी
जिथे सुकतं तिथे पांढरं लिहून जातं:
बादलीच्या काठावर, गिझरच्या पोटात.
लोकांच्या खालच्या दातांमागेही तसाच थर,
सकाळी दहा ते दोन मी तो खरवडते.
(तो लाळेचा, पाण्याचा नव्हे.
पण हाताला फरक कळत नाही.)

सुपडू मिस्तरी आले ते दाढ घेऊन.
बोरीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते सबमर्सिबल भरतात,
तीनशे फुटांवरून ओढून काढलेल्या मोटारींना
नवी तांब्याची तार.
भूल चढेपर्यंत मी आत गेले,
सवयीनं बटण दाबलं.
परतले तर खुर्चीत डोळे मिटलेले, तोंडात कापूस,
आणि एक बोट वर: थांबा.
मग तेच बोट हवेत मागे-पुढे, मागे-पुढे.
कापूस काढला. ओठ अर्धा मेलेला, तरी बोललेच,
"डॉक्टरीनबाई, हाई फिरनारी नही शे, ठोकनारी शे.
हवा धरेल शे तिनी."

दाढ निघाली. तीन मुळं, एक वाकडं.

दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना
गालाला बर्फाचा रुमाल लावून ते परत आले.
मशीन पालथं घातलं. पंप निघाला मुठीएवढा.
तळहातावर तोलून म्हणाले, "इतलासा?"
आणि एकाच बाजूनं हसले.

आत एक गुंडाळी, नळीत लोखंडी दांडा, मागे स्प्रिंग.
डायोड विजेची अर्धीच लाट आत सोडतो.
सेकंदाला पन्नासदा दांडा मागे खेचला जातो,
पन्नासदा स्प्रिंग त्याला पुढे ढकलते.
चाक कुठेच नाही.
नुसती जिद्द, असं काहीतरी मी म्हणणार होते,
तेवढ्यात ते म्हणाले, वॉशर.

वॉशर वाळल्या बोरासारखा.
टोकाच्या इवल्या व्हॉल्व्हमध्ये क्षाराचं एक बी.
माझा आरसा. माझी सर्वांत बारीक सळी.
ढोकळ्याच्या डब्यातलं लिंबूसत्त्व, वाटीभर पाण्यात.
बुडबुडे येऊ लागले.
चुलीवरचं दूध बघावं तसे आम्ही दोघं बघत बसलो.
त्यांची भूल उतरत होती,
एक डोळा आपोआप बारीक होत होता.

त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात शंभर वॉशर.
अकरा नाकारले. बारावा जिभेला लावून बघितला:
रबराची चव कॉफीत उतरते म्हणे.
मी ओरडले, जखम आहे तोंडात!
ते म्हणाले, सिलिकॉन. हाच.

मग माझी सिरिंज मागितली, सुई काढून.
कोरडी नळी तोंडाशी धरून हळूहळू भरली,
जसं आजारी पाखराला.
"पहिले पानी पाजा, मंग पानी मांगा."

बटण.
गुरगुर चढली, अडखळली,
आणि एकदम खाली बसली, भरल्या घशाची.
आधी पांढरं आलं, मग आंबट,
मग नुसतं पाणी. तीन टाक्या ओतल्या.

पहिला कप माझा.
त्यांना चोवीस तास गरम बंद, मीच सांगितलेलं.
त्यांनी वास घेतला, रिकामी बशी परत ठेवली,
म्हणाले, जळेल लागस.

दाढीचे मी घेतले, पंपाचे त्यांनी घेतले,
हिशोबात माझे चाळीस रुपये जास्त गेले.
कॅलेंडरवर सिलिंडरच्या तारखेखाली लिहिलं:
दर दोन महिन्यांनी लिंबूसत्त्व. पाणी गाळलेलंच.
टाकी रिकामी असताना बटण दाबू नये.

खालच्या डाव्या दाढेचा एक्स-रे काढायचाय त्यांचा.
त्याची तारीख विचारली तर
ते शेडकडे चालायला लागले होते.