एका माणसापुरतं

आमचं दुकान मूळचं शिडांचं,
उल्लापूलच्या धक्क्यावर, बर्फकारखान्यामागचा जिना चढून वर.
आता बोटींना इंजिनं. मी तंबू विकते,
फाटलेले शिवून देते.
सुई वडिलांचीच, दोरा तेवढा बारीक झाला.

मार्चातल्या एका ओल्या मंगळवारी फेराखर आला,
शाळेची बस चालवतो तो.
टोपी पिळत म्हणाला, एकट्याचा हवा. हलका.
पाठ बावन्न वर्षांची आहे, गुडघे त्याहून थोरले.

पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नकोस, म्हटलं,
त्यात खुंट्या धरलेल्या नसतात, दोऱ्याही नसतात.
आणि माशांच्या जुन्या काट्याला एकेक टांगला.

पहिला नऊशे ग्रॅम, एकपदरी.
चालायची काठी रोवली की उभा राहतो.
पण रात्रभर तुझाच श्वास छताला जमणार,
पहाटे तुझ्याच कपाळावर ठिबकणार.
तो म्हणाला, घरी वरच्या मजल्याची न्हाणी ठिबकते,
आपला श्वास म्हणजे बरंच की.

दुसरा भक्कम, सतराशे.
हिवाळी वादळात टिकेल, पण
तुझ्याआधी तुझे गुडघे टेकतील.

तिसरा बाराशे, दुपदरी, जाळी इतकी बारीक
की आमची जूनमधली चिलटंसुद्धा बाहेर राहून शिव्या देतात.
वर हातभर ओसरी, ओल्या बुटांसाठी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथं पाय पाहून अंथरूण घ्यायचं.
बूट काढ, म्हटलं, आणि आडवा हो.
पहिल्यात त्याचा अंगठा कापडाला टेकला.
दुसऱ्यात तो शिरलाच नाही.
तिसऱ्यात शिरला, आणि आतून चेन ओढली.

मग काहीच नाही.
पत्र्यावर पाऊस. मी एका शिडाची कड दुमडत बसले,
निम्मी कड झाली.
झोपला की काय, म्हणून बोटानं कापड टिचकावलं.

आतून आवाज आला, अगदी शांत :
कॅरॅव्हानमध्ये आम्ही सहा भावंडं.
मग तेलाच्या फलाटावर चौघांची खोली, पाळीपाळीनं उबदार राहणारी गादी.
मग लग्न, मग जुळ्या मुली, मग सासूबाई.
आतून लावायची चेन
ही पहिलीच.

मी काय बोलणार?
बसता येतं का, विचारलं. मोजे चढवता येतात का?
येतात. टोपी घासते. टोपी काढीन.

तीनशे ग्रॅम जास्त होतायत, एक चीजची वडी कमी ने.
चीज नाही, म्हणाला, फोन ठेवून जाईन.
तेव्हा मात्र मी खडसावलं :
सुल्वेनवर धुकं उतरलं की मेंढीला मेंढी दिसत नाही,
फोन ने, बंद करून ने.
शेवाळी रंगाचा घेतला त्यानं.
दगडांत ठेवला तर दगडांनाही कळू नये असा.

शनिवारी इश्बेल आली, त्याची बायको.
त्यानं कुठला नेला, विचारलं. मी दाखवला.
तिनं हातात तोलला, परत ठेवला,
आणि बूट काढून सरळ पहिल्यात शिरली.
पाच फूट उंची, कुठंच काही टेकलं नाही.
हा दे. लाल आहे का? दुरून दिसेल असा?

त्याच्यासोबत जाणार आहेस?
सोबत, ती हसली, मग एकट्याचा कशाला घेऊ?
पैसे मोजता मोजता थांबली.
तो कुठल्या डोंगरावर जातोय, तुला बोलला का काही?
नाही, म्हटलं.
बरं, म्हणाली, आणि जिन्यावरून परत वळून :
त्याला सांगू नकोस.
म्हणजे, लगेच नको.

संध्याकाळी दार लावलं.
सतराशेवाला तसाच पसरला होता, न खपलेला.
दिवा राहू दिला, चपला ओसरीत काढल्या,
शिरले, चेन ओढली.
अर्ध्यावर अडकली.
उद्या मेण लावायला हवं.