नमुना एकशे बारा

सोहारच्या इस्पितळात तळघरात माझी खोली.
बाहेर अठ्ठेचाळीस अंश, आत मी स्वेटर घालून.
यंत्राला उष्मा सोसत नाही,
तसं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे.

मूत्रपिंड, डावं. सुईने काढलेलं,
शेवईच्या तुटक्या टोकाएवढं.
लेसर त्यावर ठिपक्या-ठिपक्याने चालतो,
रांगोळीसारखाच, पण इथे
ठिपका जळून जातो
आणि जाता जाता सांगतो, आत काय होतं.
सहा तासांनी पडद्यावर नकाशा:
साखर पिवळी, साचलेली चरबी जांभळी,
काही नलिका नुसत्या काळ्या.

गुरुवारी तो स्वतःच आला.
येल्लय्या, करीमनगरचा, परांचीवर सात उन्हाळे.
मोडक्या हिंदीत म्हणाला, तिकीट झालंय,
माझा तुकडा परत द्या.
घरी जायचं तर पुरतं जावं.

तो उरला नाही, मी म्हटलं.
चित्र काढता काढता यंत्राने संपवला.
(त्याने अंगठा दिलेल्या कागदावर हे होतं,
अरबीत आणि इंग्रजीत.)

खुर्ची ओढून बसला पडद्यासमोर,
बराच वेळ.
आलो तेव्हा रात्री विमानातून
असंच दिसलं होतं, म्हणाला.
मग काळ्या जागेवर बोट ठेवलं:
इथली वीज गेली?
हो.
कधी?
असतील दोन-तीन उन्हाळे. तुम्हाला कळलं नसेल.

कळलं होतं, तो म्हणाला.
रजा नव्हती.

एकशे तेरा लावायचा आहे.
मी स्वेटरची वरची गुंडी लावते.